बिबड्यांमधली कॅसेट

त्या दिवशी आम्ही दोघांनी बिबडे घातले. ज्वारीचं शिजवलेलं पीठ ओल्या फडक्यावर थापायचं, फडकं उचलून धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, न्यायचं आणि उन्हात उलटं टाकायचं. थापायचं काम वेणूचं, शिडी चढायचं माझं. पस्तीस वर्षं हेच चाललं होतं. नऊ वाजेतो धाबं भरलं. मी शेवटचं फडकं झटकून खाली उतरणार, तर ही शिडीखाली उभी, हात वर करून. हातात पापड नव्हता, सिनेमाची कॅसेट होती.

"हाईले बी ऊन दाखाडा."

मी म्हटलं, "हाई काय पापड शे का?"

"पेटीमा ठेयेल बठ्ठं वास मारस. बुरशी धरस." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही तर दोनदाव उठी गयात. म्होरे काय बोलेल शे ते आयकंच नही."

"काय बोलेल शे?"

"कॅसेटमा शे ना. देखी ल्या कधी."

मी कॅसेट घेतली आणि बिबड्यांच्या मध्ये जागा करून ठेवली. आमच्या खान्देशात उन्हानं वस्तू बिघडत नाही, टिकते. गहू, डाळ, गोधड्या, लोणच्याच्या बरण्या... सगळ्यांना पावसाळ्याच्या आधी ऊन दाखवतातच. कॅसेट त्यातली नाही, हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. दुपारी भाकरी खाऊन ती म्हणाली, छातीत भरल्यासारखं होतंय, जरा पडते. रिक्षा आणली, दवाखान्यात नेली. डॉक्टरनं हात धरून पाहिला आणि खाली ठेवला. दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं. धाब्यावर काय पडलंय, हे कोणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

त्या कॅसेटीत वेणू होती. म्हणून आता ती गोष्ट सांगतो.

मी चौथी शिकलेला माणूस, गल्लीत मला आबा म्हणतात. अमळनेरला कापसाच्या जिनात फिटर होतो. वेणू मांडे करायची. मांडा म्हणजे खापरावरची पुरणपोळी. खान्देशाबाहेरच्या माणसाला वाटतं पोळी म्हणजे पोळपाट-लाटणं. तिथे लाटणं नसतं. पुरण भरलेला गोळा दोन हातांवर झेलत, फिरवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि उलट्या घातलेल्या तापल्या खापरावर अलगद टाकायचा. फाटला तर बाईची अब्रू गेली. वेणूचा फाटत नसे. लग्नसराईत तिला एरंडोलपासून चोपड्यापर्यंत बोलावणं यायचं. अशाच एका लग्नात पुण्याहून आलेल्या मेधाताई तिला भेटल्या. या बाई माहितीपट करायच्या. माहितीपट म्हणजे ज्यात नाच-गाणं, मारामारी नाही, जे आहे ते दाखवायचं, असं त्यांनी मला समजावलं. मी म्हटलं, मग पाहील कोण? त्या हसल्या. ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा.

चार दिवस ती माणसं आमच्या घरात होती. एक कॅमेरावाला, एक आवाजवाला. आवाजवाल्याच्या हातात लांब काठी आणि काठीच्या टोकाला केसाळ काहीतरी बांधलेलं. वेणू त्याला म्हणाली, "भाऊ, तुनं ते मांजर चुलीपाईन लांब धर, पेटी जाई." मेधाताई म्हणायच्या, मावशी, परत एकदा टाका, या बाजूनं घ्यायचंय. तर ही म्हणे, टाकते, पण हा आधीचा तुम्ही खायचा. चार दिवसांत त्या तिघांनी इतके मांडे खाल्ले की जाताना कॅमेरावाल्याला जीपमध्ये बसवेना. मी जिनात जायचो, संध्याकाळी यायचो. त्यांनी मला काही विचारलं नाही, मीही विचारलं नाही. वेणूला मात्र चुलीसमोर बसवून बरंच विचारलं, हे मला पुढे कळलं. आणि कळलं ते चारशे माणसांत.

दीड-दोन वर्षांनी पत्र आलं. मुंबईला अशा सिनेमांचा महोत्सव आहे, आपला सिनेमा लागणार आहे, दोघांनी या, तिकिटं सोबत आहेत. वेणूनं डबा भरून मांडे घेतले. मोठं सभागृह, गार हवा, मऊ खुर्च्या. ही खुर्चीच्या टोकावर बसली होती, खुर्ची मळेल म्हणून. दिवे गेले आणि पडद्यावर हिचे हात आले. एवढे मोठे, की मनगटावरचा भाजल्याचा डाग ताटाएवढा दिसत होता. तो डाग मी घरात कधी नीट पाहिलेला नव्हता. खरं सांगतो, ऊर भरून आला. तेवढ्यात पडद्यावर मेधाताईंचा आवाज आला, "मावशी, आबा काय म्हणतात तुमच्या मांड्यांना?" आणि वेणू म्हणाली, "तीस वरीस व्हयनात. चांगलं व्हयनं असं एकदाव बी बोलनात नहीत. बैल बी चारा खाईसन मान हालावस!"

खाली इंग्रजीत अक्षरं उमटली आणि सगळं सभागृह हसलं. माझा बैल इंग्रजीत गेला. शेजारचा चष्मेवाला माणूस तर गुडघ्यावर थाप मारून हसत होता. मी उठलो, लोकांच्या पायांवरून वाट काढली आणि बाहेर जिन्यावर जाऊन बसलो. आतमध्ये नंतर टाळ्या झाल्या. कोणीतरी तिला मंचावर बोलावून विचारलं, स्वतःला पडद्यावर पाहून काय वाटलं? ती म्हणाली, चूल नीट सारवलेली नव्हती. हे मला तिनंच परतीच्या गाडीत सांगितलं. मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. मनमाडला तिनं चहा घेतला, माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "अर्धं आयकीसन माणूस रागे भरस." मी चहा घेतला, पण पुढचं अर्धं काय, हे विचारलं नाही. विचारायला हवं होतं. ताठा होता, दुसरं काय.

सिनेमा पुढे जर्मनीला का कुठे गेला. मेधाताईंचं कार्ड आलं होतं. ती मुंबई सोडली तर आम्ही दोघं शिरपूरच्या पुलापलीकडे गेलेलो नाही, आणि हिचे हात जर्मनीला जाऊन आले. मग लोकांना घरी पाहता यावा म्हणून त्याच्या कॅसेटी निघाल्या, त्यातली एक टपालानं आम्हाला आली. खोक्यावर हिचे हात आणि त्यावर मांडा. तोंड नाही, नुसते हात. गल्लीनं टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणला. आमच्याच घरात पन्नास माणूस दाटलं. मी बाहेर ओट्यावर बिडी ओढत बसलो. बैलाचं वाक्य आलं तशी गल्ली अशी हसली की भांडी वाजली. मी चपला घातल्या आणि जिनाच्या फाटकापर्यंत चालत गेलो. पुढे कितीतरी दिवस शेजारची यमुनाक्का मला पाहिलं की म्हणायची, "आबा, मान हालावा की जराशी!" मी म्हणायचो, "अक्का, तुमनी कढी पीसन डोकं हालस, तेवढं पुरे." ती चिडायची नाही, वेणू आतून हसायची. पण त्यानंतर तर मी मुळीच 'चांगलं झालं' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, सिनेमानं म्हाताऱ्याला शिकवलं.

ती गेल्यावर दहाव्यापर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. पुढे काय बोलली होती? यमुनाक्काला विचारलं. ती डोळे पुसत म्हणाली, "आबा, आम्ही हासी राह्यनतूत, कोणी आयकं?" आणखी चौघांना विचारलं. प्रत्येकाला बैल आठवत होता, पुढचं कोणालाच नाही. उन्हातली कॅसेट घेऊन धुळ्याला गेलो, तिथे माझी लेक प्रमिला असते. जावयानं ती दुकानात दाखवली. दुकानदार म्हणाला, बाबा, हिला कुठे भाजली? आतली फीत वितळून चिकटलेली, खोकं पापडासारखं वाकडं. मग प्रमिलेनं मेधाताईंना पत्र लिहिलं. आई गेली, कॅसेट आम्हीच उन्हात ठेवली, आबांना पुढचं वाक्य ऐकायचं आहे. जसं होतं तसं लिहायला लावलं मी.

गेल्या आठवड्यात नवी कॅसेट आली. प्रमिलेच्या घरात मी, ती आणि जावई. हसायला कोणी नव्हतं. हात आले, डाग आला, बैल आला... मी खुर्चीचा दांडा धरून बसलो. वेणू स्वतःच हसली, पदरानं कपाळ पुसलं, चुलीत लाकूड सारलं आणि खाली पाहत म्हणाली, "पण दुसरा मांगतस. खाले मान घालीसन, पण मांगतस. पहिला मांडा भूकना रास. दुसरा मी कयेल शे म्हनीसन खातस."

पहिला भुकेचा. दुसरा, मी केलाय म्हणून खातात. एवढंच बोलली होती. मग पुढे नुसता लाकडांचा आवाज होता.

प्रमिला म्हणाली, "आबा?"

मी म्हटलं, "परत लाव."

जुनी कॅसेट मी टाकली नाही. ती वेणूच्या खापराजवळ फळीवर आहे. खोक्यावरचे हात उन्हानं पांढुरके झालेत, पण आहेत. तिच्याकडे पाहिलं की मला वेणू गेल्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ आठवते. घर माणसांनी भरलेलं होतं, चूल बंद होती, बाया रडत होत्या आणि पुरुष मला धीर देत होते. मी उठलो आणि शिडीनं धाब्यावर गेलो. बिबडे तसेच पसरलेले होते, कडा वर वळलेल्या. मधोमध कॅसेट. यमुनाक्कानं खालून हाक मारली, "आबा, काय करी राह्यनात वर?" मी म्हटलं, "बिबडे उलटी राह्यनू." एका बाजूनं वाळले होते, दुसरी बाजू ओलसर होती. एकेक करून सगळे उलटवले. कालपासून पोटात काही नव्हतं, म्हणून कडेचा एक तोडून खाल्ला. मीठ जरा जास्त होतं, तिच्या हातून नेहमी पडायचं तसं. भूक तेवढ्यानं गेली. मग मी दुसरा घेतला.