खताच्या ढिगात कंडक्टरकाका

मी नगरला एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात पीएचडी करते. पासष्ट अंशांत मजेत जगणारे जिवाणू साखर आत कशी घेतात, हा माझा विषय. हे जिवाणू मला सोनईजवळ मामाच्या शेतातल्या खताच्या ढिगात सापडले. कारखान्याची मळी, शेण आणि उसाचं पाचट एकत्र कुजायला लागलं की तो ढीग आतून असा तापतो की सकाळी त्यातून वाफा निघतात.

गेल्या हिवाळ्यात आमच्या लॅबमधल्या इनक्युबेटरचा थर्मोस्टॅट बिघडला. सोमवारी दार उघडलं तर सगळ्या प्लेटांचे पापड झालेले. नवा नमुना आणायला मी मामाकडे गेले.

मामी वाट पाहत होती, पण एकटी नव्हती. ओट्यावर सात-आठ मंडळी रिपोर्टांच्या फायली मांडीवर घेऊन बसली होती.

"भाची शुगरवर पीएचडी करती म्हनून मीच सांगितलं हुतं," मामी कौतुकाने म्हणाली.

"मामी, मी जिवाणूंची शुगर बघते. माणसांची नाही."

"आगं, आधी मानसांची बघ. जिवानू कुटं पळून चाललेत?"

मी हात जोडून सगळ्यांना डॉक्टरकडे जायला सांगितलं. मंडळी बिनसाखरेचा चहा पिऊन नाराजीने उठली. एकटे कंडक्टरकाका हलेनात. ते मामाचे शेजारी, एसटीतून रिटायर झालेले. मला परकरात असल्यापासून ओळखणारे.

"मला औषध नको," ते म्हणाले. "ते जंतू साखर आत घेतात कशी, तेवढं सांग."

इतक्या वर्षांत घरचं कुणी हे विचारलं नव्हतं. मी खुलले. शेताकडे चालता चालता सांगितलं, की पेशीच्या आवरणाबाहेर एक प्रथिन बसलेलं असतं, ते साखरेचा कण पकडून दारापाशी नेतं आणि दार तो आत ओढून घेतं.

"फुकट?"

"नाही. प्रत्येक वेळी पेशीला ऊर्जा मोजावी लागते."

"म्हंजे तिकीट हाय. आन एवढ्या उष्णतेत ते आवरन वितळत न्हाई?"

"साध्या जिवाणूंचं तुपासारखं पातळ होईल. यांचं वेगळ्या, चिवट चरबीचं असतं. उलट गारठ्यात यांची दारं मंदावतात आणि ऊब लागली की भराभर चालतात."

काकांनी मान डोलावली. मला वाटलं, समजलं.

मी ढिगाच्या एका बाजूने नमुने भरत होते. दहा-पंधरा मिनिटांनी वळसा घालून दुसरीकडे गेले तर काका लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून, दोन्ही पाय पोटऱ्यांपर्यंत खतात खुपसून निवांत बसलेले.

"काका! हे काय?"

"तूच म्हनलीस ना, ऊब लागली की दारं चालतात. डॉक्टर म्हनला, माझ्या पेशी साखर आत घेत न्हाईत. म्हनलं, जरा शेकून बघू."

"अहो, पाय भाजतील!"

"छ्या! काय बी न्हाई. कोमट हाय."

मी त्यांच्या पायाशेजारी हात घातला आणि ओरडून मागे घेतला. थर्मामीटर खुपसला तर एक्कावन्न अंश. त्यांना ओढून बाहेर काढलं. दोन्ही पाय लालबुंद, टाचेवर रुपयाएवढा फोड. काकांनी वाकून तो पाहिला.

"हे कधी झालं?"

मला हसू येत होतं ते तिथेच विरलं.

मामाने त्यांना मोटारसायकलवर बसवून सोनईच्या डॉक्टरकडे नेलं, मागे धरायला मी. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावले आणि एक बारीक तार हातात घेतली.

"तळव्याला लागली की सांगा."

त्यांनी पाच ठिकाणी तार टेकवली. काका शांत. शेवटी म्हणाले, "लावा की डॉक्टर, कवाची वाट बघतोय."

मग हळूहळू कळलं, की वर्षभर त्यांच्या पायातली चप्पल निसटून जायची आणि दहा पावलं पुढे गेल्यावर मागून कुणीतरी हाक मारायचं.

"मला वाटलं, चप्पल सैल हाय," काका म्हणाले. "तीन नव्या घेतल्या."

परतताना मी दहा वेळा माफी मागितली असेल. माझ्या जिवाणूंचं दार निराळं आणि माणसाच्या पेशीचं निराळं, हे सांगायचं मी विसरले होते. शिकवणाऱ्या बाईने एवढं तरी सांगायला हवं होतं. काका उलट मलाच समजावत होते, की फोड आला नसता तर हे कधी कळलंच नसतं.

पाय बरे व्हायला महिना लागला. इकडे नव्या नमुन्यातले जिवाणू जोमाने वाढले, साखर टाकली की दहा सेकंदांत ओढू लागले. मग मी काकांना भेटायला गेले.

दारातच काकी रागाने उभ्या होत्या. त्यांच्या घरात चपला उंबऱ्याबाहेर काढायच्या, असा चाळीस वर्षांचा कडक नियम. आणि डॉक्टरांचा हुकूम, की घरातसुद्धा अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही.

"तुज्या त्या जंतूंपायी माज्या सैपाकघरात बूट आले," काकी म्हणाल्या.

आतून काका मऊ काळे बूट घालून ऐटीत आले. त्यांनी भिंतीला हात टेकवून एकेक पाय उचलला आणि बुटांचे दोन्ही तळ काकींना दाखवले. काकींनी चष्मा लावून ते नीट तपासले, एका तळाला चिकटलेला भाताचा कण काढला आणि मगच त्यांना जेवायला बसू दिलं.