ठिपकेकाकूंचा मेल भरला तेव्हा

ठिपकेकाकूंची एकच रांगोळी दुसऱ्यांदा कोणी पाहिली नाही. आमची तुळिंजची इमारत, दुसरा मजला, त्यांचं दार आणि आमचं दार समोरासमोर. मधे जिन्याची जेमतेम जागा. तेवढ्या जागेत त्या रोज सकाळी नवीन रांगोळी काढायच्या, आणि कालची आज नाही, गेल्या वर्षीची या वर्षी नाही, असा त्यांचा नेम होता. मी एकदा विचारलं, "काकू, परत काढली तर कोणाला कळणार आहे?" त्या म्हणाल्या, "मला कळेल की. शिळी भाजी गरम करून खाता येते गो. शिळी रांगोळी काय करायची?"

त्यांचं खरं नाव पाटीवर होतं, पण इमारतीत ते कोणी घेत नसे. मुलांनी ठिपकेकाकू म्हणायला सुरुवात केली आणि मग मोठ्यांनीही तेच धरलं. त्या राजापूरकडच्या. काका मुंबईत नोकरीला, पहाटेच घर सोडायचे. काका गेले की काकू पाट घेऊन दारात बसायच्या आणि ठिपके मांडायला घ्यायच्या. ठिपके मांडताना त्यांच्याशी बोलायचं नाही. रेषा ओढताना बोललेलं चालायचं.

रांगोळी पुरी झाली की फोटो. आणि फोटो होईपर्यंत जिना बंद. कामावर निघालेली माणसं वरच्या पायऱ्यांवर खोळंबायची. कोणी बूट हातात घेऊन भिंतीला चिकटून उभं, कोणी डब्याची पिशवी डोक्यावर धरून. "काकू, लेट हो रहा है!" असं कोणी ओरडलं, तर त्या फोन डोळ्यांसमोरून न हलवता म्हणायच्या, "लेट तुम्ही उठलात तेव्हाच झालात. रांगोळीवरची सावली काढा आधी." फोटो झाला की लगेच बाजूला व्हायच्या. "झालं. आता चाला वरून." आणि लोक खरंच वरून चालायचे. त्याचं त्यांना काही वाटत नसे. मला मात्र वाटायचं. मी दहावीला असतानासुद्धा कडेकडेने जायचे, आणि त्या हसायच्या, "ही बघा, नवी नवरी चालली."

फोटो त्या मिरवायला काढत नसत, कोणाला पाठवतही नसत. संध्याकाळी भाजी चिरून झाली की फोन घेऊन बसायच्या आणि जुने फोटो बोटाने मागे मागे सरकवत जायच्या. उद्या जे काढायचं मनात आहे ते आधी कधी काढलं नाही ना, हे बघायला. मान डोलवायच्या. मधेच, "छे, हे गौरीला झालंय," असं पुटपुटायच्या. त्यांच्याकडे वही नव्हती, कागदावर त्यांनी कधी काही आखलं नाही. जे होतं ते त्या फोटोंत. फोन भाच्याने घेऊन दिला होता, आणि सांगून ठेवलं होतं, "आत्या, फोटो सगळे आपोआप वर जातात. फोन हरवला तरी घाबरायचं नाही." काकूंनी छताकडे बघून विचारलं होतं, "वर म्हणजे कुठे? गच्चीवर?"

आता माझ्या गोष्टीकडे येते. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजला कोणी गेलं नाही. बाबा वसईच्या औद्योगिक वसाहतीत माल चढवण्या-उतरवण्याचं काम बघतात, आई घरी शिलाई करते. बारावीनंतर फॉर्म भरायला आम्ही सायबरमध्ये गेलो, तर तिथल्या माणसाने विचारलं, "ईमेल?" आईच्या फोनमध्ये एक खातं होतं, पण ते ज्या दुकानदाराने फोन विकला त्यानेच उघडून दिलेलं. पासवर्ड त्यालाच ठाऊक, आणि तो दुकान बंद करून गावी निघून गेलेला. आमच्याकडच्या किती घरांत असं असेल कोण जाणे. मागे रांग होती. मी काकूंना फोन लावला आणि चाचरत विचारलं, "तुमचा मेल टाकू का?"

"टाक की. त्यात विचारायचं काय?"

"कॉलेजचे मेल येतील तुमच्यावर."

"येऊ देत. भाच्याने उघडून दिल्यापासून रिकामाच पडलाय बिचारा. कोण पाठवतंय मला?"

रिकामा नव्हता तो. हे मला यादी लागल्यावर कळलं. यादीत नाव आलं होतं. ज्यांची नावं आली त्यांना मेल येणार, त्यातल्या लिंकवर जाऊन प्रवेश नक्की करायचा, असं सांगितलं होतं. माझ्या मैत्रिणीला मेल आला, मला नाही. मी कॉलेजात जाऊन खिडकीशी उभी राहिले. आतल्या मॅडमनी संगणकात बघितलं आणि म्हणाल्या, "तुझा मेल परत आलाय. बॉक्स फुल आहे."

"दुसरा मेल देऊ का मॅडम?"

"आता नाही बदलता येत, सिस्टीम लॉक झालीये. जागा कर, उद्या सकाळी ये, मी पुन्हा पाठवते. पण उद्या दुपारपर्यंत कन्फर्म झालं पाहिजे हं. नाहीतर सीट पुढच्याला जाते, माझ्या हातात काही नाही."

मी तशीच घरी आले. जिन्यावर त्या सकाळचा मोर अर्धा पुसलेला होता. काकूंना सगळं सांगितलं. त्यांच्या फोनवर बघितलं, तर वर लाल पट्टी होती: साठवणुकीची जागा संपली आहे, नवीन मेल येणार नाहीत. खाली बघितलं तर मेल आणि फोटोंना जागा एकच, आणि ती जवळपास सगळी फोटोंनी खाल्लेली. काकूच म्हणाल्या, "म्हणजे माझ्या फोटोंनी तुझा मेल अडवला?"

"तसंच म्हणायचं."

"मग उडव सगळे."

त्या केरसुणी घेऊन उंबऱ्यापाशी झाडायला लागल्या. तिथे काही कचरा नव्हता. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "रांगोळी पुसण्यासाठीच असते. कॉलेज तसं नसतं. उडव म्हटलं ना."

मला पटकन काही दाबता येत नाही. लोक हसतात त्यावरून. कुठलंही बटण दाबायच्या आधी मी त्याखालचं बारीक लिहिलेलं दोनदा वाचते. त्या दिवशीही तेच करत बसले. मला वाटत होतं, जागा तर वर संपलीय, फोनमध्ये नाही. मग फोनमधले फोटो कशाला घालवायचे? वरचे गेले आणि खालचे राहिले, असं काहीतरी असणारच. मी काकूंना तसं सांगितलं.

"असं होतं?"

"माहीत नाही. बघते."

"बघ बघ. वाचतेस का पाठ करतेस?" म्हणत त्या शेजारी येऊन बसल्या, आणि मी वाचेपर्यंत त्यांना धीर निघेना. "हे बघ, एकावर करून बघू. हा पोपट. पोपट काढायला गेले आणि वांगं झालं होतं. गेला तर गेला." आणि त्यांनी पोपट दाबला, कचरापेटीचं चिन्ह दाबलं. मग फोनमधली फोटोंची दुसरी जागा, गॅलरी, उघडून बघितली. तिथूनही पोपट गेला होता.

वरचं आणि खालचं एकाच दोरीला बांधलेलं होतं. एकीकडून ओढलं की दोन्ही जात होते. सगळे एकदम उडवले असते तर सगळेच गेले असते. काकू हळूच म्हणाल्या, "तितका काही वाईट नव्हता पोपट."

मी कचरापेटी उघडली. पोपट तिथे होता. परत आण असं दाबलं आणि तो आला. काकूंनी फोन कपाळाला लावला. आई मशीन थांबवून दारात येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "वांग्याला कोणी नमस्कार करतं का हो?" तेव्हा कुठे आम्ही हसलो.

मग नीट शोधलं. दोरी सोडता येत होती. आधी बॅकअप, म्हणजे फोटो आपोआप वर जाणं, बंद करायचा, आणि मग सेटिंगमध्ये खाली एक पर्याय होता, या फोनचा बॅकअप काढून टाका. त्याखाली लिहिलं होतं की वरचे फोटो जातील, फोनमधले राहतील. मी ते दोनदा नाही, चारदा वाचलं असेल. दाबणार, तेवढ्यात लक्षात आलं की जुन्या फोटोंवर एक वेगळी खूण आहे. ते फोनमध्ये नव्हतेच, फक्त वर होते. काकूंनी भाच्याला फोन लावला.

"अरे, माझे जुने फोटो फोनमधून कुठे गेले?"

"आत्या, दिवाळीत तुझा फोन अडकत होता ना, तेव्हा मी जागा मोकळी करून दिली. वर आहेत सगळे."

"मला विचारलंस?"

"तू अनारसे तळत होतीस."

म्हणजे जुने फोटो आधी खाली आणायला हवे होते, आणि खाली फोनमध्ये जागा नव्हती. मग काकूंनी जी साफसफाई केली ती बघण्यासारखी होती. लोकांनी पाठवलेलं सगळं काढायला घेतलं. "ही वहिनींची शुभ सकाळ. रोज तोच गुलाब. उडव. हे बाळ कोणाचं? ओळखत नाही, उडव. हा यांच्या ऑफिसातला विनोद, हसायला कधी आलाच नाही, उडव." आई म्हणाली, "काकू, बाळ तरी राहू द्या." "त्याच्या आईकडे असेल की," काकू म्हणाल्या.

जागा झाली. फोटो उतरायला लागले. आमच्याकडे नेट नीट फक्त काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत येतं, म्हणून फोन तुळशीशेजारी ठेवला आणि आम्ही तिघी तिथेच बसलो. काकूंनी कांदेपोहे केले. मी पोहे खात होते, पण लक्ष त्या फिरत्या गोलाकडे. काकू मात्र एकेक फोटो आला की ओळखायच्या. "ही तुझ्या दहावीच्या पेपरच्या दिवशीची. तू तिच्यावरूनसुद्धा कडेनेच गेलीस." मला आठवत नव्हतं. त्यांना आठवत होतं.

सगळे उतरल्यावर मी नेट बंद केलं आणि सगळ्यांत जुना फोटो दाबला. उघडला. मधला उघडला. पोपट उघडला. आता ते खरंच फोनमध्ये होते. मग नेट चालू करून तो पर्याय दाबायची वेळ आली, आणि माझं बोट काही खाली जाईना.

"दाब गो," काकू म्हणाल्या.

"गेले तर?"

"गेले तर उद्यापासून पुन्हा पहिल्यापासून काढीन. मला तेवढंच सोपं."

मी दाबलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग लाल पट्टी गेली. काकूंनी फोटो उघडले, वरून खाली, खालून वर सरकवले. सगळे जागेवर होते. आईने पदराने डोळे पुसले. मी भिंतीला टेकून बसले. इतकं हलकं मला बारावीचा निकाल लागला तेव्हाही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजात गेले. मॅडमनी मेल पुन्हा पाठवला. मी बाहेर येऊन घरी फोन लावणार होते, लिंक कशी उघडायची ते काकूंना सांगायला. काकूंचा फोन लिंकसाठी मोकळा हवा म्हणून आईचा लावला, तर तो बराच वेळ लागेना. शेवटी लागला तो काकूंनीच उचलला.

"काकू, मेल आला का?"

"कधीच आला. दाबलं पण."

"काय दाबलं?" माझा आवाज चिरकला.

"निळं होतं ते दाबलं. मग तुझं नाव आलं, बरोबर आहे का विचारलं, हो म्हटलं. मग हिरवं आलं. कॉन्ग्रॅच्युलेशन्स म्हणतंय तुला."

"तुम्ही वाचलंत ना सगळं आधी?"

"तू वाचलं असतंस तर दुपार झाली असती."

मी परत खिडकीशी गेले. मॅडमनी बघितलं आणि मान हलवली, झालंय. मी घरी पोहोचले तेव्हा खालच्या किराणावाल्यापासून वरच्या भाभींपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. बाबांना तर काकूंनी कामावर फोन करून सांगितलं होतं. माझा प्रवेश झाल्याचं इमारतीत मलाच बहुतेक सगळ्यांत शेवटी कळलं.

गेल्या वर्षी काका निवृत्त झाले आणि दोघं राजापूरकडे गावी गेले. जायच्या आधी मी त्यांचे फोटो एका मेमरी कार्डावरही उतरवून दिले, कारण आता वर काही नव्हतं आणि मला धाकधूक वाटत होती. त्यांनी कार्ड कुंकवाच्या डबीत ठेवलं. "एवढं जपतेस, जसं काही माझं मंगळसूत्र," म्हणाल्या. सामानाचा टेम्पो निघताना त्या रडल्या नाहीत. आईचा हात धरून मात्र फाटकापाशी खूप वेळ उभ्या होत्या.

दुसऱ्या वर्षाच्या फॉर्मवर मी माझा स्वतःचा मेल लिहिला. पासवर्ड माझा मला पाठ आहे. काकूंना फोन करून सांगितलं, आता तुम्हाला कॉलेजचा त्रास नाही. त्या म्हणाल्या, "मग तुझं मला कळायचं कसं?"

तेव्हापासून निकाल लागला की तो मी त्यांना मेल करते. पहिल्यांदा पाठवला तेव्हा वर काय लिहावं ते सुचेना, म्हणून नुसता निकालच पाठवला. संध्याकाळी त्यांचं उत्तर आलं. बोलून टाइप केलेलं असावं, कारण पूर्णविराम कुठेच नव्हता.

"मिळालं गो जागा आहे काळजी करू नको यांना मोठ्याने वाचून दाखवलं आता पुढचा पाठव"