चुलतभावाचं वजन

माझा चुलतभाऊ माझ्यापेक्षा तीन आठवड्यांनी लहान. एवढ्याशा अंतराने माझं आयुष्यभराचं नुकसान केलं. शाळा एक, तालीम एक, लग्नंसुद्धा एकाच मांडवात. त्यामुळे आमची तुलना करायला गावाला कधी लांब जावं लागलं नाही. कुस्तीत तो मला चीत करायचा. अभ्यासात मी पुढे होतो, पण शाळेतला नंबर जत्रेत कोण विचारतं?

पन्नाशीनंतर मला एक समाधान होतं. पोटं दोघांचीही सारखीच सुटली होती. त्याच्या सदऱ्याचं खालचं बटण लागेनासं झालं, त्या दिवशी मी घरी येऊन बायकोला दोनदा सांगितलं.

मग अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी माझं रक्त तपासलं. साखर वाढलेली, दाब वाढलेला. "दहा किलो उतरवा," ते म्हणाले. "रोज चाला. गोड बंद, भात बंद, जेवणात दीड भाकरी. या वयात उतरवलं नाही तर पुढे उतरत नाही." मी मान डोलावली आणि येताना घाटनांदूरला गाडी थांबवून भजी खाल्ली.

त्याच साली दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, कडबा संपला, आणि आमच्या भागातल्या सहकारी संस्थेने गावापासून चार किलोमीटरवर जनावरांची छावणी उघडली. नियम सरळ होता. एका घरची पाच जनावरं, त्यापेक्षा एकही जास्त नाही. प्रत्येकाच्या कानात बिल्ला. आम्ही बाप्ये तिथेच राहायचो आणि दुपारी गावातून जीपने डबे यायचे. माझं आणि चुलतभावाचं छप्पर शेजारी शेजारीच आलं. भावकी तिथेही सुटली नाही.

चाऱ्याला आलेले उसाचे वाढे मोजायला तिथे मोठा वजनकाटा होता. शनिवारी चारावाटप झालं की लोक गंमत म्हणून त्यावर उभे राहायचे. पहिल्या शनिवारी मी ब्याण्णव भरलो, तो एक्याण्णव. सगळे हसले. मला मात्र तो एक किलो रात्रभर टोचत राहिला. तेव्हाच ठरवलं, बाकी सगळ्यात हरलो, पण या काट्यावर ह्याला एकदा तरी हरवायचंच. डॉक्टरांनी जे करायला सांगितलं होतं ते मी भावकीसाठी केलं.

पहाटे उठून छावणीला तीन फेऱ्या मारायचो. गुडघे कुरकुरायचे, कुत्री मागे लागायची. चहा बिनसाखरेचा. डब्यात तीन भाकरी यायच्या, त्यातली दीड मोजून खायचो, वर पिठलं आणि कांदा. महिन्याभराने एकोणनव्वद भरलो आणि छाती फुगवून बाजूला झालो. मागून तो चढला. चौऱ्याऐंशी!

"पैलवान परत अंगात आला की!" कुणीतरी ओरडलं.

मी म्हणालो, "काटा खराब हाय." नाचता येईना अंगण वाकडं, हे मलाही कळत होतं. पण तो तर एक पाऊल चालत नव्हता! दिवसभर जनावरांपाशी बसलेला असायचा. मी घाम गाळत होतो आणि हा बसल्या जागी वाळत होता. त्यात बायकोचा फोन. "भावजी लई बारीक झालेत म्हनं. तुमी काय करताय तिथं?" माझा नुसता जळफळाट झाला. त्याच्या ढिल्या झालेल्या पट्ट्याकडे बघितलं की मला घास गिळवेना. तेवढंच काय ते माझ्या वजनाला बरं.

कसलंतरी चूर्ण घेत असणार, असा मला संशय आला. विचारलं तर म्हणाला, "काय न्हाई बे. उन्हानं भूकच मोडलीय."

ते खोटं होतं. त्याच्या डब्यात चार भाकरी येतात हे मी बघितलं होतं, आणि डबा रोज रिकामा परत जायचा. चार भाकरी खाऊन माणूस वाळतो? एका दुपारी तो डबा घेऊन उठला तसा मी मागे निघालो.

छावणीच्या मागे कोरडा ओढा होता. तिथे बाभळीखाली त्याचा म्हातारा बैल बांधलेला होता. कानात बिल्ला नाही. हे त्याचं सहावं जनावर. बाकी पाच जनावरांच्या चाऱ्यातून चिमूट चिमूट काढून त्याने बैलापुढे टाकलं होतं. मग डबा उघडला. भाकरी मोडून, पाण्यात भिजवून, एकेक तुकडा त्याच्या तोंडात देत बसला. तीन भाकरी बैलाच्या, एक स्वतःची.

सहावं जनावर माझ्याकडेही होतं. माझ्या जोडीतला थोरला बैल. छावणीत यायच्या आधी मी तो बाजारात नेऊन विकला आणि मागे वळून बघितलं नाही. नियम म्हणजे नियम, असं मीच चार जणांना ऐकवलं होतं.

चांगल्या माणसाला तिथे भरून आलं असतं. मला राग आला. आधी वाटलं, ही लबाडी आहे, हा काही पथ्याने उतरलेला नाही, उपाशी राहून उतरलाय. मग वाटलं, इथेही ह्यानं मला चीतच केलं. आणि मग जे सुचलं ते सांगायला आज लाज वाटते. हा पोटभर जेवला, तर ह्याचं वजन वाढेल.

दुसऱ्या दिवसापासून मी माझी उरलेली दीड भाकरी घेऊन ओढ्यात जाऊ लागलो. "डॉक्टरनं बंद केल्यात," त्याला सांगितलं. "बैलाला घाल आन् तू जेव." दीडने भागेना म्हणून घरी निरोप धाडला, पाच भाकरी पाठव. बायको फोनवर कडाडली, "प्वाट कमी करायला गेलतो म्हनता आन् भाकरी वाढवून मागता व्हय?" मी ऐकून घेतलं. माझ्या जनावरांच्या वाट्यातली एक पेंढीही रोज नेऊ लागलो. तो जेवायचा तेव्हा मी समोर मांडी घालून बसायचो. "आनखी अर्धी घे. एवढीच कावून?" शेवटचा घास पोटात जाईपर्यंत उठायचो नाही.

पाऊस झाला, छावणी मोडली. त्याआधीच्या शनिवारी आम्ही शेवटचे काट्यावर चढलो. मी ब्याऐंशी. तो सत्त्याऐंशी. मी एवढ्याने ओरडलो की म्हशी बुजल्या. अंबाजोगाईला डॉक्टरांनी माझी एक गोळी कमी केली आणि बाहेर बसलेल्यांना सांगितलं, या वयात असं करून दाखवा. मी आठवडाभर गावातून बिनकामाचा हिंडलो.

ओल बेताची होऊन रानाला पेरणीजोगा वापसा आला आणि माझं विमान खाली उतरलं. माझ्याकडे एकच बैल. सावडीला, म्हणजे आज माझ्या रानात उद्या त्याच्या अशा बोलीवर, बैल द्यायला कुणी तयार नव्हतं. पहिल्या दिवशी ज्याला त्याला आपलंच रान पेरायचं असतं. मी बांधावर डोक्याला हात लावून बसलो होतो. तेवढ्यात चुलतभाऊ तो म्हातारा बैल घेऊन आला. न विचारता माझ्या बैलाशेजारी त्याला जुंपलं.

"दुपारपर्यंत वढंल," तो म्हणाला. "तुह्या भाकरीवर जगलाय. पैली पेरणी तुह्याच रानात."

पेरणीची पूजा करायला रानात आलेल्या माझ्या बायकोने बैलाला कुंकू लावलं. पाच भाकरींचा हिशेब तिला आता लागला असावा, कारण माझ्याकडे बघताना तिचे डोळे भरले होते. लग्नानंतर इतक्या कौतुकाने तिने माझ्याकडे कधी बघितलं नसेल. ते मला सोसेना. ती घराकडे वळल्यावर मी म्हणालो, "हे बघ, मी बैलासाठी भाकरी आनत न्हवतो. तुहं वजन वाढावं म्हनून आनत व्हतो."

"ठाव हाय की," तो म्हणाला. "समोर बसून माहे घास मोजत व्हतास. पर बैलाला काय त्याचं?"

त्याने कासरा माझ्या हातात दिला आणि स्वतः बियाणं सोडायला तिफणीमागे गेला.