आक्काच्या पोटात दुखत होतं

सकाळच्या गाडीनं वडिवळ्याचा माणूस आमच्या लोणावळ्याच्या घरी आला आणि दारातच म्हणाला, "मावशी, गंगूआक्का गेली." काय झालं, असं मी विचारलं तर तो गोंधळला. "येडी हुती न्हवं..." एवढंच म्हणाला.

आक्का माझी थोरली बहीण. भात लावायला उभी राहिली की बाकीच्या बाया मागं पडायच्या. पहिलं मूल जन्मतःच गेलं आणि ती विहिरीकाठी बसून त्याला हाका मारू लागली. सासरच्यांनी वडिवळ्याला माहेरी आणून सोडलं, आमच्या भावानं, दादानं, पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. पुढं डॉक्टरांनीच सांगितलं, बरी झाली, घरी न्या. ती खरंच बरी झाली होती... मूल गेलं हे तिला कळलं होतं, त्याच्याबद्दल माझ्याशी शांतपणे बोलायची. पण नवऱ्यानं दुसरं लग्न केलं होतं, आणि भाताच्या आवणीला बाया तिच्याशेजारी उभ्या राहीनात. हसली तर "लागलं पुन्यांदा", रागावली तरी तेच. मग तिनं दोन्ही सोडलं. आई गेली तेव्हा कोरड्या डोळ्यांनी बसून होती. मी म्हटलं, "रड गं आक्का." ती हळूच म्हणाली, "रडले तर परत तिकडं न्हेतील." मागून कुणीतरी बोललंच, "आई मेली तरी डोळ्यात पानी न्हाई. येडीच ती."

यंदा कापणीत तिचं पोट दुखू लागलं. "लय दुकतंय," म्हणत राहिली आणि घरानं देवऋषी बोलावला. त्यानं अंगारा लावला, लिंबं उतरवली. ती कळवळून ओरडली तसे लोक बघायला जमले. शेवटी वडगावला दवाखान्यात नेलं, तोवर आतडं फुटलं होतं. डॉक्टरांनी दादाला विचारलं, "ती काही सांगत नव्हती का?"

"सांगत हुती... पर आमाला वाटलं..." दादा म्हणाला.

तेराव्याला मी वडिवळ्याला गेले. पडवीतल्या तिच्या खोलीत गोधडी घडी घालून ठेवलेली होती, दार उघडं होतं. कुणी पाहुणे आले की तिला आत बसवून बाहेरून कडी घालायची, असा त्या घरचा नेम. पुढंपुढं तर कुणी सांगायच्या आतच ती उठून आत जायची. दुपारी कामशेतहून पाहुणे आले. त्यांना अंगणात बघताच वहिनी लगबगीनं उठली आणि त्या रिकाम्या खोलीला कडी घालून आली.