मेंढरांच्या पुढे चालताना

आमच्या गावामागचा डोंगर मेंढरांना बंद करण्याचा ठराव माझ्या हातचा आहे. माझं अक्षर चांगलं, म्हणून ग्रामसभेचं लिहिणं नेहमी माझ्याकडे यायचं. पण या ठरावात नुसतं अक्षर नव्हतं, अक्कलही माझीच होती. मेंढ्या गवत मुळापासून खातात आणि डोंगर बोडका होतो, असं मी वर्षानुवर्षं शाळेत शिकवत आले. इतकी वर्षं शिकवल्यावर ते आपल्यालाच वेदवाक्य वाटायला लागतं.

दरवर्षी धान कापून झालं की मेंढरंवाली मावशी यायची. तिचं घर सानगडीकडचं, पण वर्षातले बरेच महिने ती पायांवरच असायची. दिवसा मेंढरं डोंगरावर चरायची आणि मुक्कामाला आमच्या रिकाम्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, बसायची. लेंड्यांनी बांधी अशी कसदार व्हायची की आईला दुसरं खत घालावं लागत नसे. बदल्यात आई तिला धान द्यायची, आणि दोघी चहा पीत तासभर बोलत बसायच्या.

कळपाच्या पुढे एक म्हातारी मेंढी असायची, एक कान तुटलेली. मावशी सगळ्यांत मागे. आज कोणत्या उतारावर जायचं, कोणता चार दिवस सोडायचा, हे त्या मेंढीला पाठ होतं. मला त्याचं हसू यायचं. वर्गात एकाच्या मागे एक जाणाऱ्या पोरांना मी मेंढरंच म्हणायचे.

ठराव झाल्याचं कळलं तेव्हा मावशी आमच्या अंगणात आली. भांडली नाही.

"मॅडम, मेंढरं नाई चरले त गवत का करते? वाढते, वाळते, मंग जळते."

"नियमानं चालावं लागते, मावशी," मी म्हटलं. नियम कोणता, हे मलाही धड माहीत नव्हतं.

ती मेंढरं घेऊन निघून गेली. पहिल्या वर्षी डोंगरावर कमरेइतकं गवत आलं. येईल त्याला मी ते कौतुकानं दाखवत होते. दुसऱ्या वर्षी मोहफुलांच्या दिवसांत कोणीतरी फुलं नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला. असं दरवर्षीच होतं. आधी मेंढरांनी चरलेल्या जागेवर येऊन ती आग आपोआप विझायची. या वेळी ती पळत सुटली आणि दुपारपर्यंत आमच्या बांधीच्या वर येऊन ठेपली. तिथले आईचे पाच मोह जळून काळे झाले. तिच्या सासूनं राखलेली झाडं होती ती. आईनं एका काळ्या खोडाला हात लावून पाहिला.

"तुहं अक्षर चांगलं हाये, बाई," ती मला म्हणाली. "आता झाडाईले वाचून दाखव तुहा ठराव."

आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

त्यानंतर काही महिन्यांनी नागपूरहून परत येताना शहापूरजवळ एसटीच्या खिडकीतून मेंढरं दिसली. हायवेच्या कडेला धुळीनं माखलेलं गवत खात होती. मी पुढच्या थांब्यावर उतरून तशीच मागे चालत गेले. मावशी होती, पण कळपाच्या पुढे ती मेंढी दिसेना.

"ट्रकाखाली गेली," मावशी म्हणाली. "तिले डोंगर मालूम होता, मॅडम. रस्ता कुठं मालूम होता?"

 मी म्हटलं, "डोंगरावर चला, मावशी."

"अना ठराव?"

"मीच लिहिला, मीच मोडते."

पुढच्या ग्रामसभेत मी उभी राहिले आणि माझं चुकलं, असं सरळ सांगितलं. माझाच एक जुना विद्यार्थी मागे फिसकन हसला. हसू दे, म्हटलं. ठराव रद्द झाला.

धान कापून झाल्यावर मावशी आली. सकाळी कळप डोंगराच्या पायथ्याशी नेला, तर मेंढरं तिथंच घुटमळली. एक पाऊल वर टाकेनात. जुनी विकली गेली होती, ही सगळी रस्त्यावर वाढलेली. मावशीचे गुडघेही आता चढाला साथ देत नव्हते.

"तुमी तं लहानपणापासून चढून राहिल्या इथं," ती म्हणाली. "तुमी चाला पुढं."

मेंढरांना आवडतात म्हणून तिनं जपून ठेवलेल्या बाभळीच्या वाळक्या शेंगा माझ्या पदरात ओतल्या. मी चढायला लागले. पदरात शेंगा खुळखुळत होत्या. जळलेले मोह आले, तिथं मला भरून आलं आणि पाय थांबले.

"थांबू नोका, मॅडम!" खालून मावशी ओरडली. "तुमी थांबल्या का ते बी थांबतात."

मी डोळे पुसले आणि चालायला लागले. मागून खुरांचा आवाज येत होता.