सिंहासनावर न बसलेला राजा

तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या लालबागच्या चाळीत पूजेच्या संध्याकाळी राजाने सिंहासनावर बसायचे नाकारले होते.

राजा म्हणजे आमच्या शेजारचे काका. पेशाने लिफ्टमन. चाळीच्या सत्यनारायणाला दशावतार व्हायचा आणि राजा दरवर्षी तेच. दशावतारातलं सिंहासन म्हणजे एक लाकडी बाकडं. काका त्यावर असे ऐसपैस बसत, की बाकड्याला मखमल फुटे.

त्यांचा लाडका शब्द ‘वायच’. म्हणजे जरासं. छताचा पोपडा डोक्यात पडून टाके पडले, तरी ‘वायच लागला’.

पूजेच्या त्या आठवड्यात लिफ्टमध्येही ते स्टूल सोडून उभे असायचे. साहेब लोकांना वाटलं, आपला मान राखतायत. नाटकात ते बाकड्याभोवती नुसते फिरत राहिले. आम्ही खूश. काय ती राजाची तगमग! शेवटी अंगाला कापरं भरलं, तेव्हाही आधी टाळ्याच पडल्या. काकी पुढच्या रांगेतून उठून धावल्या म्हणून बरं.

परळच्या इस्पितळात, गालावर राजाची लाली तशीच. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘काका, दुखतं कुठे?’

‘पोटात. वायच.’

सकाळपासून लघवीही अडली होती. नळी घालून लघवी मोकळी केली, तरी ताप आणि कळ हटेना. ‘अजून कुठे?’ काकांनी चादर कमरेवर ओढून घेतली.

मी आपलं गाऱ्हाणं घातलं, ‘डॉक्टर, आज आमचा राजा बसलाच नाही हो.’

बाईंनी मान वर केली. ‘म्हणजे?’

‘जेवतात पण उभ्याने,’ काकी म्हणाल्या. ‘विचारलं तर म्हणतात, वायच पाय मोकळे करतंय.’

पडदा ओढला गेला. तपासून बाई बाहेर आल्या. ‘गुदद्वाराच्या आत खोलवर गळू झालंय. बाहेरून काहीच दिसत नाही. त्याच्याच दाबाने लघवी अडली. अजून थांबला असतात तर जिवावर बेतलं असतं. आत्ताच ऑपरेशन करू.’

काकी पडद्याशी गेल्या. ‘मला तरी सांगायचं.’

‘भिंत पातळ आसा,’ आतून राजा पुटपुटला. ‘चाळीक कळला असता.’

चाळीला कळलंच. काका घरी आल्यावर टबात बसून शेकायचं गरम पाणी पाळीपाळीने घराघरातून यायचं. कशासाठी, ते कुणी मोठ्याने बोलायचं नाही.

आता ते गावी असतात. पण त्याच्या पुढच्या वर्षीची पूजा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. राजा आला. बाकड्यापाशी थांबला. पखवाजवाल्याचा हातही थांबला. काकांनी शेला सावरला, आणि ते हळूच टेकले.

त्या शांततेत पुढच्या रांगेतून काकींचा आवाज आला, ‘बसले गो बाय एकदाचे.’