जाळायची गलबतं

मामूचा हात आधी उठायचा आणि तोंड मग उघडायचं. मीना सलमान बंदरातल्या आमच्या लाकूडकामाच्या वर्कशॉपात हे सगळ्यांना अनुभवाने माहीत होतं. चांगल्या सागवानी फळीवर चहाचा कप ठेवला म्हणून त्याने एका पॉलिशवाल्याचा दात पाडला होता. धार लावलेली पटाशी खिळा उपटायला वापरली म्हणून एका सुताराला फळीने असा झोडपला की तो आठवडाभर कुशीवर झोपला. माझ्याबद्दल तर विचारूच नका. रत्नागिरीकडच्या खाडीवर मी त्याच्या हाताखाली होड्या बांधायला शिकलो, तेव्हा ज्या दिवशी कानाखाली बसायची नाही त्या दिवशी मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. पुढे त्यानेच मला बहरीनला आणलं. माणूस म्हणून तो मला कधीकधी असह्य व्हायचा, आणि त्याच्याइतका जीव मी दुसऱ्या कुणाला लावला नाही.

फळीच्या प्रकरणानंतर अरबाबने, म्हणजे आमच्या बहरीनी मालकाने, त्याला केबिनमध्ये बोलावलं. मीही दाराशी उभा होतो. अरबाब आवाज चढवत नसे. तो हिंदीत म्हणाला, "अब किसी पे भी हाथ उठाया तो खलास. व्हिसा कॅन्सल. टिकट मैं दूँगा." मामू साठीच्या पुढचा होता, दर खेपेचं रिन्युअल अरबाबच्या मेहरबानीवर चालायचं. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "गावाला जाऊन करू काय? तिथं आता फायबरच्या होड्या. त्यांना वाकस लागत नाय." वाकस म्हणजे लाकूड तासायचं त्याचं हत्यार. ते हातात नसलेला मामू मला डोळ्यांपुढे आणता येईना. त्या दिवसापासून मी त्याच्या हातावर नजर ठेवायला लागलो.

त्याच सुमारास बहरीनमधल्याच झल्लाकच्या एका हॉटेलाची ऑर्डर आली. नव्या रेस्टॉरंटच्या मधोमध काचेच्या पेटीत एक जुनं ब्रिटिश जहाज हवं होतं, नेपोलियनच्या काळातलं, फ्रिगेट म्हणतात त्या जातीचं. शिडं धरून माणसाच्या उंचीचं. ऑर्डर घेऊन आल्या त्या मॅडम वसईच्या निघाल्या. आम्ही आपसात मराठी बोलतोय हे कानावर पडताच त्यांनी नकाशे बाजूला ठेवले आणि आधी गाव विचारलं. मामूला त्या काका म्हणायला लागल्या. काका कसे आहेत हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

मामूची कामाची एक पद्धत होती. होडी पाण्यात जाऊन काय करणार हे कळल्याशिवाय तो लाकडाला हात लावत नसे. जाळी ओढणार, कौलं वाहणार की माणसं उतरवणार, त्यावर तिचं पोट ठरतं असं तो म्हणायचा. काचेच्या पेटीत जाणाऱ्या जहाजालाही त्याने तोच नियम लावला. "म्याडम, ह्या जहाजानं जल्मभर केलान काय ते सांगा. मग बांधतंव."

मॅडमना पेटीखालच्या पितळी पाटीसाठी जहाजाचा सगळा सेवाकाळ इंग्रजीत लिहून मिळाला होता. जेवणाच्या सुट्टीत त्या तो वाचायच्या आणि मी मामूला आपल्या भाषेत सांगायचो. शाळेत मला इतिहास कधी आवडला नाही, पण ह्या जहाजाचा ऐकताना जेवण विसरायचो. फ्रेंच जहाजाशी गाठ पडली तेव्हा दोन्ही जहाजं एकमेकांना इतकी खेटली की तोफांच्या जाळाने समोरच्यांचे केस पेटले. गोळ्याने माणसं मरत त्याहून जास्त लाकडाने मरत. गोळा कडेला लागला की फळीच्या हातभर लांब ढलप्या उडायच्या, आणि त्या पोटात, डोळ्यात, मांडीत घुसायच्या. रक्तावरून पाय घसरू नये म्हणून डेकवर आधीच वाळू पसरून ठेवायचे. खाली डॉक्टर पाय कापायचा आणि बादलीत टाकायचा. लढाई नसेल तेव्हा आपल्याच खलाशांना जाळीला बांधून फटके मारायचे, सगळ्यांना उभं करून, पाठीची सालं निघेपर्यंत. मॅडम वाचता वाचता थांबायच्या आणि डबा बंद करायच्या. मामू मासा निवांत सोलत राहायचा. "पुढं," म्हणायचा.

एकदा त्याने विचारलं, हे बांधलं कुठं. मॅडमनी पान उलटलं. "मुंबईला, काका. मुंबईच्या गोदीत. मलबारच्या सागवानात."

मामूचा हात ताटात थांबला. "म्हंजे आपल्या सुतारांनी."

"असणार."

त्या दुपारपासून त्याचं वागणं बदललं. तोवर फ्रिगेट म्हणजे साहेबाचं काम होतं. आता तो तिच्या कडेवरून हात फिरवायचा, आणि कुणी जवळून सामान नेलं तर डोळे वटारायचा. मला कौतुकही वाटायचं आणि धास्तीही.

सेवाकाळातला शेवटचा मोठा भाग ह्याच समुद्रातला होता. ही फ्रिगेट आखातात आली, खालच्या किनाऱ्यावरच्या एका बंदरासमोर नांगर टाकून तिने गावावर तोफा डागल्या, मग शिपाई उतरवले आणि बंदरातलं एकूण एक गलबत पेटवून दिलं. लोक पाण्यात उड्या टाकत होते आणि त्यांच्यावर वरून गोळ्या झाडल्या जात होत्या. किनाऱ्यावर ओढून ठेवलेली गलबतंही जाळली.

"आणि जी बांधायला घेतलेली, ती?" मामूने विचारलं.

मॅडमनी बोट ठेवून वाचलं. "तीपण. अर्धवट बांधलेलीसुद्धा."

मामूने भात तसाच टाकून डबा लावला.

हॉटेलला नेमका हाच प्रसंग हवा होता. मधे फ्रिगेट, तिच्यासमोर जळणारी छोटी गलबतं. रंगवलेला जाळ खोटा वाटतो असं हॉटेलच्या सल्लागाराचं म्हणणं होतं, तेव्हा गलबतं खरोखर लाकडाची करायची आणि गॅसच्या टॉर्चने खरोखर जाळायची, कोळसा होत आला की विझवायची. हात-हात लांबीची, जाळण्यापुरती. मी मामूला म्हटलं, वरवरची कर, आतून कोण बघणार. तो हो म्हणाला आणि प्रत्येकाच्या पोटात बाक, म्हणजे लाकडाच्या बरगड्या, बसवले.

इथे आमच्या घराण्याची एक चाल सांगायला हवी. होडीचं तळाचं पहिलं लाकूड आडवं केलं की त्यावर फातिहाची दुवा पढायची, गोड मलिदा वाटायचा, आणि तिथून पुढे त्या लाकडाला आग दाखवायची नाही. कधीच नाही. होडी मोडली तरी खाडीच्या चिखलात कुजत पडते, पण तिची फळी चुलीत जात नाही. माझ्या आईने एका पावसाळ्यात सुकं जळण नाही म्हणून मोडक्या होडीचा एक तुकडा चुलीत सारला होता. मामूने पेटती चूल लाथेने उधळली. निखारे माझ्या आईच्या पायावर पडले, आणि ती ओरडत असताना तो उघड्या हाताने तो तुकडा विझवत होता. सख्ख्या बहिणीच्या पायाकडे त्याने नंतर बघितलं.

गलबतांचं काम सुरू झालं त्या गुरुवारी मामू डब्यातून मलिदा घेऊन आला. शेजाऱ्यांनी दिला असेल म्हणून आम्ही सगळ्यांनी खाल्ला. बोटं चाटता चाटता माझं लक्ष त्याच्या टेबलाकडे गेलं. तिथे गलबतांची तळाची लाकडं ओळीने मांडलेली होती, फ्रिगेट शेजारीच उभी होती, आणि मामूचे ओठ अजून हलत होते.

"मामू," मी म्हटलं, "ही जाळायची आहेत."

तो खरंच विसरला होता. "हातानं केलां," तो म्हणाला. "सवयीनं."

"मग आता?"

"आता काय. आता नाय जाळायची. एकपण नाय."

मी मॅडमना फोन केला. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, दुसरी बनवायला सांग. मामू म्हणाला, दुसरी बांधली तरी त्यांच्यावर पढणार, न पढता बांधलेली होडी त्याच्या हातून होतच नाही. मॅडम दोन वेळा येऊन बसल्या. त्यांनी हॉटेलात विनवणी केली, रंगाचा जाळ दाखवून बघितला. जमलं नाही. शेवटी त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अरे, ओपनिंग तोंडावर आलंय. हे झालं नाही तर माझी नोकरी जाईल. माझी मुलं इथे शाळेत आहेत." त्या खोटं बोलत नव्हत्या. अरबाबनेही सांगून टाकलं की गलबतं हॉटेलची आहेत, हॉटेल त्यांचं काहीही करो.

मग मी एक शक्कल काढली. जाळायच्या दिवशी मामूला बिजागऱ्या आणायला बाब अल बहरीनच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, पाठवून दिलं. तिथल्या गल्ल्यांत त्याचा गाववाल्यांशी गप्पांत अर्धा दिवस जातो हे मला ठाऊक होतं. म्हटलं, परत येईल तोवर राख झालेली असेल, मग मला काय मारायचं ते मारो. आमच्यात मारलेलं तो मोजत नसे.

भर दुपारी मागच्या अंगणात लोखंडी पत्र्यावर गलबतं मांडली. हॉटेलने पाठवलेला माणूस टॉर्च घेऊन आला. धिप्पाड, कामात चोख, त्याला आमचं काही ठाऊक नव्हतं. पहिल्या गलबताने चटकन पेट घेतला. मामूने त्याला तेल पाजलं होतं, पाण्यात टिकावं म्हणून. सागवान तडतडायला लागलं, आणि त्याच वेळी गेटमधून मामू आत आला. बिजागऱ्यांचं माप विचारायचं राहिलं म्हणून परत फिरला होता.

तो ओरडला नाही. सरळ पत्र्याकडे चालत गेला. टॉर्चवाल्याला वाटलं म्हातारा जाळात पडेल, त्याने कोपराने जोरात मागे ढकललं. मामू कोलमडला आणि त्याचं कपाळ पत्र्याच्या धारेवर आपटलं. रक्त डोळ्यात उतरलं, दाढीत उतरलं.

पुढचं मी स्पष्टच सांगतो. मी भिंतीला टेकवलेला पाईप उचलला तो त्या माणसाला भिववायला नाही. मला त्याचं डोकं फोडायचं होतं. फुटताना कसा आवाज होईल तेही मला आधीच ऐकू येत होतं, आणि तो हवाहवासा वाटत होता. तो पाठमोरा होता. टॉर्च बंद करत होता.

मामू उठला. मला वाटलं आता हा त्याला मारणार. पण त्याने जाळात हात घातला, पेटतं गलबत उचललं, आणि ज्वाळा मुठीत आवळत आवळत विझवली. कातडं जळल्याचा वास सगळ्या अंगणात पसरला. मग त्याने वर बघितलं. माझा पाईप त्या माणसाच्या डोक्यावर उचललेला होता.

मामूचा हात उठला. तोच हात. माझ्या गालावर तो असा बसला की पाईप कुठे गेला ते मला कळलं नाही. थप्पड ओली आणि गरम होती. मी गालाला हात लावला तेव्हा त्याच्या तळव्याचं कातडं माझ्या बोटांना चिकटून आलं.

अरबाब मागच्या दारात उभा होता. टॉर्चवाला आता मागे वळला होता, जमिनीवरचा पाईप बघून पोलीस पोलीस करायला लागला होता. अरबाबने विचारलं, "पाइप किसका?"

"मेरा," मामू म्हणाला. डाव्या हाताने त्याने विझलेलं गलबत छातीशी धरलं होतं. "मैं मारने वाला था. इसने रोका तो इसको मारा."

मी म्हटलं, "झूठ बोलता है, अरबाब. पाइप मेरे हाथ में था."

अंगणातल्या कुणालाही माझं खरं वाटलं नाही. मामूचा लौकिक सगळ्यांना माहीत होता. अरबाब माझ्याजवळ आला, गालाकडे बघितलं, आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "मैंने सब देखा. अब चुप रह." मग मामूकडे वळून तो म्हणाला, "खलास." त्याचा आवाज घोगरा झाला होता. मामूने मान हलवली, जणू हिशेब जुळला. मला त्या दोघांचा भयंकर राग आला, आणि मी चुप राहिलो.

हॉस्पिटलमध्ये पट्ट्या सुटल्या तेव्हा मामूची बोटं आत वळलेली होती. ती पुन्हा सरळ झाली नाहीत. वाकस तर सोडाच, त्या हातात कपसुद्धा राहत नव्हता. एअरपोर्टवर त्याची बॅग मीच ढकलली. आत जाताना तो एवढंच म्हणाला, "बाकीची जाळू देव नको."

बाकीची जळली नाहीत. मारामारी झालेल्या जागी पुन्हा माणूस पाठवायला हॉटेल तयार नव्हतं, ओपनिंगही येऊन ठेपलं होतं. झल्लाकच्या त्या रेस्टॉरंटात आज फ्रिगेट उभी आहे, खाली पितळी पाटी, आणि समोर धडधाकट गलबतं. एकच एका अंगाने काळं पडलेलं आहे, आणि त्या काळ्यात मुठीच्या बोटांचे ठसे दिसतात. मॅडमची नोकरी राहिली. त्या सांगतात की पाहुण्यांना ते गलबत सगळ्यात आवडतं, कसं केलं म्हणून विचारतात.

मी अजून मीना सलमानमध्येच आहे. शुक्रवारी गावाला फोन करतो. मामू आता माझ्या आईकडेच असतो. फोन घेतला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "गाल कसा हाय?" गाल केव्हाच बरा झाला, डागसुद्धा राहिला नाही. तरी मी दर वेळी नीट सांगतो की बरा आहे. मग मी त्याच्या हाताचं विचारतो, आणि तो फोन माझ्या आईकडे देतो.